असईची दुर्बीण आणि स्पेनची लढाई: ‘शार्प’ पुन्हा पाहताना

जुनीफीत

गेल्या महिन्यात चिपळूणच्या घरचा माळा रिकामा केला. पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या चादरीत गुंडाळलेल्या अकरा व्हीएचएस कॅसेटी निघाल्या. प्रत्येकीच्या कडेवर मामाचं बारीक, तिरकं अक्षर: ‘शार्प – गरुड’, ‘शार्प – तलवार’, ‘शार्प – शत्रू’.

मामा नव्वदच्या दशकात लीड्सला होता. तिथे आयटीव्हीवर ‘शार्प’चा नवा भाग लागला की तो टेप करून ठेवायचा आणि सुट्टीत येताना आमच्यासाठी घेऊन यायचा. मधल्या जाहिराती तशाच असायच्या. आम्हा भाचरांना ते इंग्रजी झेपत नसे, म्हणून पहिल्या वेळी तो शेजारी बसून सगळं सांगायचा. दुसऱ्या वेळेपासून आम्हाला सांगणाऱ्याची गरज उरत नसे. मामा जाऊन आता सहा वर्षं झाली.

एका कॅसेटची झडप उचलून पाहिली. फितीच्या वेटोळ्यांवर पिठासारखी पांढरी बुरशी धरली होती. कोकणातल्या इतक्या पावसाळ्यांत दुसरं काय होणार! अशी फीत व्हीसीआरमध्ये घातली तर फीत तुटते आणि हेडही खराब होतं, म्हणून त्या तशाच ठेवल्या. ब्रिटनहून डीव्हीडीचा संच मागवला आणि माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीबरोबर रोज रात्री जेवणं झाल्यावर एक, असे सगळेच्या सगळे सोळा चित्रपट पाहून काढले. डोक्यात इतकं साठलंय की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: बर्नार्ड कॉर्नवेलच्या कादंबऱ्यांवरची ही मालिका. १९९३ ते १९९७ या काळात चौदा चित्रपट आले, प्रत्येक पावणेदोन तासांच्या आतबाहेर. पुढे २००६ आणि २००८ मध्ये आणखी दोन. नेपोलियनच्या सैन्याशी पोर्तुगाल-स्पेनमध्ये लढणाऱ्या वेलिंग्टनच्या फौजेतला रिचर्ड शार्प हा नायक. ९५व्या रायफल्सचा, हिरव्या डगल्यातला. ही भूमिका आधी पॉल मॅकगॅनला मिळाली होती. क्रिमियात चित्रीकरण सुरू झालं आणि फुटबॉल खेळताना त्याचा गुडघा गेला. मग घाईघाईने शॉन बीनला बोलावलं. पुस्तकातला शार्प काळ्या केसांचा आणि लंडनच्या गल्लीत वाढलेला. बीन पिंगट केसांचा, शेफील्डच्या बोलीतला. तरी त्याने ती भूमिका अशी काही अंगात भिनवली की कॉर्नवेलने पुढची एक कादंबरी त्यालाच अर्पण केली.

लहानपणी मला लढाया आवडायच्या. आता पंचेचाळिशीत सगळ्यात जास्त आत गेलं ते वेगळंच. शार्प सार्जंट असतो. पहिल्याच चित्रपटात, ‘शार्प्स रायफल्स’मध्ये, तो वेलस्लीला (हाच पुढचा वेलिंग्टन) फ्रेंच घोडेस्वारांपासून वाचवतो आणि वेलस्ली त्याला तिथल्या तिथे लेफ्टनंट करतो. इथून त्याचं दुखणं सुरू होतं. त्या काळी ब्रिटिश पायदळात हुद्दा पैसे मोजून विकत घ्यायचा असे, ही पद्धत १८७१ पर्यंत चालली. त्यामुळे मेसमधल्या साहेबांच्या लेखी हा घुसखोर. आणि ज्या मूठभर रायफलवाल्यांची टोळी त्याच्या हाती दिलीय, त्यांच्या लेखी हा खरा साहेबच नाही, आपल्यातलाच एक उठून बसलेला. त्यांच्यातला हार्पर सरळ त्याच्या अंगावर धावून जातो. त्या दोघांची मारामारी मला लहानपणी नुसती मारामारी वाटली होती. आता कळतं की एका माणसाने आपली पायरी ओलांडली, याचा राग दुसऱ्याच्या मुठीतून बाहेर पडतोय.

‘शार्प्स कंपनी’मध्ये तर त्याची कप्तानकी जाते. ती जागा दुसऱ्याने पैसे टाकून घेतलेली असते. ज्यांना शार्पने घडवलं त्याच माणसांसमोर त्याला एक पायरी खाली उतरावं लागतं. तिथे बीन काही बोलत नाही, फक्त जबडा आवळतो. माझ्या वडिलांनी कारखान्यात फोरमन झाल्यावर काय सोसलं, ते मला त्या चेहऱ्यात दिसलं. मी तिथे चित्रपट थांबवून पाणी प्यायला उठलो.

आणि ‘शार्प्स ईगल’मधली कवायत! बिनतयारीच्या लाल डगलेवाल्यांना शार्प एकच गोष्ट शिकवतो: मिनिटाला तीन बार. लेकीला प्रश्न पडला की हे खरंच होतं का. मग आम्ही दोघांनी बसून ठासणीच्या बंदुकीची सगळी कृती कागदावर उतरवली. काडतूस दातांनी फोडायचं. चिमूटभर दारू चापाजवळच्या वाटीत घालून झाकण लावायचं. उरलेली दारू नळीत, वर गोळी आणि कागद. गज काढायचा, ठासायचं, गज जागेवर. घोडा पूर्ण मागे, नेम, बार. तिने केरसुणीची दांडी घेऊन दिवाणखान्यात हे करून पाहिलं, मी मोबाइलवर वेळ लावली. पहिल्यांदा एकेचाळीस सेकंद. रात्री साडेअकराला ती तेवीसवर आली होती. वीसच्या आत आली तर मिनिटाला तीन. आणि हे समोरून घोडदळ येत असताना, शेजारचा माणूस पडलेला असताना करायचं. दुसऱ्या दिवशी तलाव्हेराची लढाई बघताना ती एक शब्द बोलली नाही.

आता माझी खंत. कादंबऱ्यांमध्ये शार्पकडे एक दुर्बीण असते. वेलस्लीने दिलेली, पितळी पट्टीवर कृतज्ञतेचे दोन शब्द, त्याची आद्याक्षरं आणि तारीख: २३ सप्टेंबर १८०३. मामाने ही गोष्ट मला तेव्हाच सांगितली होती आणि वर विचारलं होतं, ‘‘ही तारीख कशाची, सांग.’’ मला आली नव्हती. ती इंग्रज आणि मराठे यांच्यातल्या असईच्या लढाईची. कादंबरीतला शार्प वेलस्लीला वाचवतो तो पोर्तुगालात नव्हे, आपल्या जालना जिल्ह्यात, केळनेच्या काठी. त्याचं सार्जंटपण तिथे संपतं आणि साहेबपण तिथे सुरू होतं. मालिकेने तो प्रसंग उचलून १८०९ मध्ये नेला. चौदा चित्रपटांपुरतं ते मला मान्य आहे, गोष्ट कुठून तरी सुरू करावी लागतेच. पण २००६ मध्ये ‘शार्प्स चॅलेंज’साठी ते खुद्द भारतात आले, आणि तरी असई नाही, गाविलगड नाही. राजस्थानात चित्रीकरण, फेरागढ नावाचा मनचा किल्ला, खंडेराव नावाचा मनचा राजा. वर्ष १८१७, म्हणजे पेशवाईचं शेवटचं युद्ध सुरू झालं ते वर्ष, आणि त्या युद्धाचा मागमूस नाही. तीन कादंबऱ्यांचा रस काढला आणि त्यांची माती टाकून दिली.

तुम्हाला काय वाटतं? आणि कोणी असईला जाऊन आलंय का?

सातपुडाकर

धागा वाचून फार बरं वाटलं. मी अमरावतीचा. गाविलगडावर किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. ‘चॅलेंज’ पाहिला तेव्हा मलाही हेच टोचलं.

राजस्थानचे किल्ले देखणे आहेत, कॅमेऱ्याला आवडतात. पण गाविलगडाचं युद्ध त्या डोंगरामुळे घडलं. किल्ल्याचे दोन भाग, बाहेरचा आणि आतला, मध्ये खोल घळ. दक्षिणेकडून चढण उभी. म्हणून इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या तुकडीने सातपुड्यातून फिरून उत्तरेकडून तोफा वर चढवल्या. त्या रानातून जड तोफा ओढत नेणं काय असेल, हे चिखलदऱ्याच्या घाटात एकदा गाडी बंद पडली की कळतं. १५ डिसेंबर १८०३ ला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज आत घुसले, आणि आतल्या दरवाजापुढे अडकले. अरुंद वाट, वरून मारा, माणसांवर माणसं पडत होती. शेवटी ९४व्या पलटणीच्या कप्तान कॅम्पबेलने घळीच्या बाजूने शिड्या लावल्या, तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. कॉर्नवेलने हेच शार्पच्या हातून करवलंय.

किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्याचं नाव आमच्याकडे आजही आदराने घेतलं जातं. दिल्ली दरवाजावरचं गंडभेरुंडाचं शिल्प शाबूत आहे, त्याच्याखाली उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. हे सगळं पडद्यावर आलं असतं तर, एवढंच म्हणतो.

अजून एक. बीनच्या बोलीबद्दल लिहिलंत ते अगदी बरोबर. पॉलिश केलेल्या इंग्रजीत बोलणाऱ्या साहेबांपुढे तो तोंड उघडतो तेव्हा मला पुण्याच्या वसतिगृहातले माझे पहिले सहा महिने आठवतात. मी वऱ्हाडीत बोललो की टेबलावर क्षणभर शांतता व्हायची. शार्प आपली बोली शेवटपर्यंत बदलत नाही. हे त्या वयात मला कोणीतरी दाखवायला हवं होतं.

मृण्मयी

शार्पवर एवढं लिहिलंत, टेरेसावर एक ओळ नाही? मग मी लिहिते.

अस्सुम्प्ता सेर्नाने केलेली टेरेसा, स्पॅनिश गनिमी टोळीची म्होरकी, हे माझ्यासाठी या मालिकेचं काळीज आहे. तिच्या टोळीत तिला ‘ला अगुहा’ म्हणतात, म्हणजे सुई. ती शार्पची प्रेयसी म्हणून कथेत येत नाही. ती स्वतःचं युद्ध लढतेय आणि तिच्या वाटेत शार्प येतो. इंग्रज परत जातील, फ्रेंच परत जातील, मला इथेच राहायचंय, हे भान तिच्या प्रत्येक हालचालीत आहे.

‘गुरिल्ला’ हा शब्द याच युद्धाने जगभर नेला. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ लहान युद्ध. घाटात दबा धरायचा, रसद तोडायची, मोठ्या फौजेला झोप लागू द्यायची नाही. आपल्याला हे कोणी शिकवायला नको, आपल्याकडे त्याला गनिमी कावा हा शब्द त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून आहे. टेरेसाची माणसं खडकाआडून उठतात तो प्रत्येक प्रसंग मी सह्याद्री डोळ्यांसमोर ठेवून पाहते.

‘शार्प्स एनिमी’चा शेवट मात्र मी परत पाहू शकत नाही. एकदा पाहिला तेवढा पुरे. (न पाहिलेल्यांसाठी गप्प बसते.) त्यातला पीट पोस्लथ्वेटचा हेक्सविल हा मी पाहिलेला सगळ्यात भयंकर खलनायक. टोपी काढून तिच्यात तोंड घालतो आणि आईशी बोलतो. आवाज मऊ होतो. त्या मऊपणाची भीती वाटते.

तोफखाना

वेगळं मत मांडतो. मालिका मीही पाहिलीय, पण मोठ्या लढाया डोळ्यांना पटत नाहीत. वॉटर्लूला दोन्हीकडची मिळून दोन लाखांच्या आसपास माणसं होती. इथे पडद्यावर शे-दोनशे. धूर सोडून झाकलंय सगळं. ज्याला युद्ध पाहायचंय त्याने हे पाहून काय मिळवायचं?

जुनीफीत

@तोफखाना, आकड्यांबद्दल वाद नाही. पहिले चित्रपट क्रिमियात झाले, सोव्हिएत संघ फुटून जेमतेम वर्ष झालेलं. गर्दीसाठी तिथल्याच सैन्यातले जवान घेतले होते. थंडी, खाण्यापिण्याचे हाल, सगळं सोसून काम चाललं. हॅरिसचं काम करणाऱ्या जेसन सॅल्कीने तेव्हा स्वतःच्या हँडीकॅमवर रोजनिशीसारखं चित्रण केलं होतं आणि ते पुढे डिस्कवर आलंही. त्यात ही माणसं कशात राहत होती ते दिसतं.

पण मला असं वाटतं की ही मालिका दोन लाखांची गोष्ट सांगायला निघालेलीच नाही. ती सहा-सात जणांची आहे. म्हातारा हॅगमन, जो गावाकडे चोरून शिकार करायचा म्हणून नेमबाज झाला. पुस्तकं वाचणारा हॅरिस. पोरगेलासा पर्किन्स. बेकर रायफलच्या नळीत आटे असतात, गोळी कातड्याच्या तुकड्यात गुंडाळून घट्ट ठासावी लागते, त्यामुळे बार कमी होतात पण दोनशे यार्डांवर माणूस टिपता येतो. म्हणून रायफलवाले रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहत नाहीत. जोडीजोडीने पुढे विखुरतात, एक भरतो तेव्हा दुसरा त्याला सांभाळतो. म्हणजे ज्याच्या भरवशावर तुमचा जीव आहे असा एकच माणूस, आणि त्याचं नाव तुम्हाला माहीत असतं. दिग्दर्शक टॉम क्लेग हे जाणून होता. सोळाच्या सोळा त्यानेच केले. वॉटर्लूमध्ये हॅगमन आणि हॅरिसचं जे होतं ते पाहताना मागे किती माणसं उभी आहेत हे मी मोजलं नाही. लेक रडत होती.

तोफखाना

हे पटलं. जोडीने लढण्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. ‘रायफल्स’ पुन्हा लावतो.

गाणंवेडा

गाण्याचं कोणी काढलं नाही अजून! ‘ओव्हर द हिल्स अँड फार अवे’. चाल तीनशे वर्षांहून जुनी, लोकगीताची. १७२८ च्या ‘बेगर्स ऑपेरा’मध्येही ती आहे. मालिकेसाठी जॉन टॅम्सने त्यावर नवी कडवी बांधली आणि स्वतः गायला. हॅगमन म्हणजे तोच! लढाई संपल्यावर शेकोटीपाशी जो गुणगुणतो, तो खराखुरा लोकगायक आहे. म्हणून ते गाणं वरून चिकटवल्यासारखं वाटत नाही.

प्रत्येक चित्रपटाच्या शेवटी त्या-त्या कथेप्रमाणे कडवी बदलतात. डिस्कवर पाहताना नावं सुरू झाली की बंद करू नका, शेवटपर्यंत ऐका. ढोलावर ठेवलेले शिलिंग उचलून भरती होणाऱ्या गरीब पोरांचं गाणं आहे ते. आमच्याकडे सातारा भागात घरटी एक माणूस फौजेत. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत बसऱ्याच्या लढाईला गेलेला भाऊ होता. चाल वेगळी, हुरहुर तीच.

नवीनवाचक

मालिका पाहिलेली नाही, पण आता राहवत नाही. डिस्क मागवली तर आपल्याकडच्या प्लेअरवर चालेल का? की ब्लू-रे घ्यावी?

जुनीफीत

@नवीनवाचक, हे आधी बघून घ्या, मी यात आठवडा घालवला. डीव्हीडीसाठी ब्रिटन विभाग २ मध्ये येतो आणि भारत ५ मध्ये. ब्लू-रेसाठी ब्रिटन ‘बी’, भारत ‘सी’. साध्या प्लेअरवर ‘चुकीचा विभाग’ असा संदेश येऊन डिस्क बाहेर येते. मी जिथून घेतली त्या विक्रेत्याने ‘सगळीकडे चालते’ असं लिहिलं होतं, तसं झालं नाही. सगळे विभाग चालणारा प्लेअर मिळतो, तो घ्या. संगणकाच्या ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा, मग तो कायमचा तिथेच अडकतो. पाल-एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या पद्धतींची काळजी नको, ब्रिटन आणि आपण दोघेही पालवालेच.

आणि जुने चित्रपट त्या काळच्या टीव्हीच्या ४:३ आकाराचे आहेत. नवा टीव्ही ते आपोआप ताणून रुंद करतो आणि सगळे सैनिक बुटके दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकार ठेवा. दोन्हीकडे काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. क्रमाने बघा, ‘रायफल्स’पासून. ‘चॅलेंज’ अगदी शेवटी.

केळनाकाठ

मी असईपासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावचा. आता नोकरीमुळे संभाजीनगरला. मालिका पाहिली नाही, कादंबरीही वाचली नाही. एका मित्राने धागा पाठवला म्हणून खास खातं उघडून लिहितोय.

तुम्ही विचारलंत कोणी जाऊन आलंय का. आम्ही तिथेच वाढलो. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ते रान आहे. आता तिथे कापूस आणि मका. आजोबा सांगायचे की नांगराच्या तासात शिशाच्या गोळ्या निघायच्या, पोरं त्या मासे धरायच्या जाळ्याला बांधायची.

शिंद्यांची फौज नदीपलीकडे होती. वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं, उतार नाही. त्याने लांबून पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं. त्याने ताडलं की इतकी जवळ वसलेली गावं आहेत म्हणजे मधून जा-ये असणारच, उतार असणारच. आणि होता. आमच्याकडच्या शाळकरी पोराला जे ठाऊक असतं ते त्याने अंदाजाने ओळखलं. यावरच लढाई फिरली.

पण मला दुसरी गोष्ट सांगायची आहे, कारण ती सांगायची राहून जाते. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. तोफांजवळच कापले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून तोफा फिरवून त्यांनी पाठीमागून मारा केला. इंग्रजांकडची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यांच्या सात-एक हजारांतली. वेलिंग्टनला म्हातारपणी विचारलं, तुझी सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर तो वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला. त्या गोलंदाजांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. तुमचा तो शार्प कल्पनेतला, तरी त्याला दुर्बीण मिळाली. आमच्या माणसांवर कोणी मालिका केली तर मी पहिल्या दिवशी बघेन.

जुनीफीत

@केळनाकाठ, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. उठून ती मामाच्या कॅसेटींपाशी गेली. एकीचं लेबल वाफेवर धरून अलगद सोडवलं आणि डीव्हीडीच्या खोक्यावर चिकटवलं. ‘शार्प – तलवार’. मग म्हणाली, असईला जाऊ. तारीख तिनेच ठरवली, २३ सप्टेंबर. तुम्ही त्या सुमारास गावी असाल का? तो उतार पाहायचा आहे.

केळनाकाठ

असेन. भोकरदनला उतरा, तिथून मी घेऊन जातो. सप्टेंबरात केळनेला पाणी असतं, यंदा पाऊस उशिरापर्यंत राहिला तर कमरेपर्यंतही असेल. पोरीला सांगा, चपला नको, बंद बूट घाल. काळ्या मातीचा चिखल आहे, पाय सोडत नाही. उतारापाशी उभं राहिलं की दोन्ही गावं दिसतात.